शाळेवर राजकीय दबाव आला तर काय करायचं: नाशिकमधल्या नव्या शिक्षकांसाठी आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांसाठी

नववीच्या वर्गात मी काळाराम मंदिराचा सत्याग्रह शिकवत होतो. २ मार्च १९३० ला सुरू झालेला, आपल्या पंचवटीतला. एका मुलाने विचारलं, "सर, मी मागच्याच आठवड्यात आजीबरोबर गेलो होतो. कुणी अडवलं नाही. मग तेव्हा का अडवायचे?" मी उत्तर दिलं. कोण अडवत होतं, कशाचा आधार देऊन, आणि वर्षानुवर्षं दार का उघडलं नाही, ते सगळं सांगितलं. मागच्या बाकावर कुणाकडे तरी मोबाईल होता. त्यातली अर्ध्या मिनिटाची क्लिप संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरली. 'सर धर्माला नावं ठेवतात', असं वर लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दहा-बारा जण निवेदन घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे.

मुख्याध्यापक घाबरले होते. "दोन ओळी लिहून द्या, विषय मिटेल," म्हणाले. मी माफीनामा लिहून दिला. विषय मिटला नाही. त्याच दोन ओळी पुढे चौकशीत 'कर्मचाऱ्याने चूक कबूल केली आहे' म्हणून माझ्यासमोर ठेवल्या गेल्या. ते निस्तरायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत आणि नंतर शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेचं काम करताना जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

१. दबाव कुठून येतो ते आधी ओळखा

उजवं राजकारण शाळेत प्रत्येक वेळी झेंडा घेऊन येत नाही. कधी ते वर्गातल्या एका वाक्यावरची तक्रार म्हणून येतं. कधी परिपाठात अमुक प्रार्थना घ्याच, अमुक संघटनेचा कार्यक्रम घ्याच, असा तोंडी निरोप येतो. कधी अभ्यासक्रमाच्या मसुद्यातून येतं. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, त्यात मनुस्मृतीतला श्लोक उद्धृत केला होता आणि गीता, मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती. राज्यभर आक्षेप घेतले गेले.

चौथी वाट नव्या शिक्षकांच्या लक्षात येत नाही. ती नोकरीच्या रचनेतून येते. कंत्राटी भरती, बाह्यस्रोत (बाहेरच्या एजन्सीमार्फत माणसं घेणं), कमी पटाच्या शाळा बंद करणं. ज्याची ऑर्डर दर अकरा महिन्यांनी संपते तो वर्गात तोंड उघडत नाही. म्हणून मी पगार-पेन्शनचा प्रश्न आणि वर्गातल्या मोकळेपणाचा प्रश्न वेगळे मानत नाही. आपल्या शाखांमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या गटांकडे असतात. तसं ठेवू नका.

२. कायदा काय म्हणतो ते पाठ करा

सगळा कायदा वाचायची गरज नाही. एवढं मात्र पाठ असू द्या.

संविधानाच्या कलम २८(१) प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही कुणाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. कलम ५१क(ज) वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणतं.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. नाशिकच्या एका माध्यमिक शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती ही मूलभूत हक्कांवर गदा आहे, आणि वेतनश्रेणी द्यायला लावली. हा निकाल राज्यभरच्या शिक्षकांच्या कामाचा आहे आणि तो नाशिकमधून गेला आहे, तरी जिल्ह्यातल्या निम्म्या स्टाफरूममध्ये तो कुणाला ठाऊक नसतो. छापून फाईलला लावा. त्याच्याच शेजारी सर्वोच्च न्यायालयाचा १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल लावा. केरळमधली तीन मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणं न्यायालयाने चुकीचं ठरवलं.

आपली मर्यादाही तितकीच नीट समजून घ्या. वर्गात कोणत्याही पक्षाचा प्रचार करायचा नाही, डावा नाही आणि उजवाही नाही. जिल्हा परिषद, महापालिका आणि सरकारी शाळांतल्यांना वर्तणूक नियम लागू आहेत, पक्षाचं सदस्य होता येत नाही. २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावरही बंधनं आणली आहेत. सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका करणारी पोस्ट वैयक्तिक खात्यावरूनही अंगाशी येऊ शकते. धोरणाला विरोध करायचाच आहे तर तो संघटनेच्या ठरावातून, संघटनेच्या लेटरहेडवर करा. संघटना असते ती यासाठीच.

३. शांत दिवसांत फाईल तयार ठेवा

तक्रार आल्यावर कागद शोधायला गेलात तर कपाटाची किल्ली सापडत नाही, क्लार्क रजेवर असतो. ही फाईल घरी ठेवा, शाळेत नको:

- नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यतेचं पत्र, कायम झाल्याचा आदेश
- सेवापुस्तकाच्या सर्व पानांच्या झेरॉक्स
- गेल्या तीन वर्षांचे गोपनीय अहवाल, निकालपत्रकं
- टाचण वही, त्यात प्रत्येक पाठासमोर पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक
- शेरेबुकातल्या चांगल्या शेऱ्यांची प्रत
- संघटनेच्या वर्गणीची पावती, चालू वर्षाची
- मुख्याध्यापकांना दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, आवक क्रमांकासह

पान क्रमांकाचं महत्त्व सांगतो. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा. आमच्या शाखेतल्या एका मॅडमना पालकांपैकी एकाने सुनावलं, "हे तर सरकारने काढलंय, तुम्ही का शिकवता?" मॅडमनी बालभारतीचं पुस्तक उघडून समोर धरलं. तिथेच विषय संपला. तुमच्या टाचणात पान क्रमांक असेल तर तक्रार तुमच्यावर राहत नाही, ती पाठ्यपुस्तकावर जाते.

४. तक्रार आल्यावरचे पहिले दोन दिवस

या दोन दिवसांत जे कराल त्यावर पुढचे कित्येक महिने ठरतात.

जमाव शाळेत आला असेल तर एकट्याने समोर जाऊ नका. मुख्याध्यापकांच्या खोलीत किमान दोन सहकारी बरोबर घ्या, त्यातल्या एकाने फक्त लिहून घ्यायचं: कोण आलं, किती वाजता, काय म्हणालं. वाद घालू नका, आवाज चढवू नका. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा: "तुमची तक्रार लेखी द्या, मी लेखी उत्तर देईन." निम्म्या तक्रारी लेखी मागितल्यावर तिथेच विरघळतात, कारण सही करायला कुणी पुढे येत नाही.

माफीनामा लिहून देऊ नका. दिलगिरी, खेद, 'भावना दुखावल्या असतील तर', यातलं काहीच नको. मुख्याध्यापकांनी, संस्थेच्या सचिवांनी, कितीही आपल्या माणसाने गळ घातली तरी नको. "मला संघटनेशी बोलून उत्तर द्यायचं आहे, मुदत द्या," असं लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. मी हे केलं नाही.

क्लिपवर व्हॉट्सअ‍ॅपवर खुलासा करत बसू नका. तुमचं प्रत्येक वाक्य कापून पुन्हा फिरतं. पण क्लिप, तिच्यावरचे मेसेज, नंबर, वेळ यांचे स्क्रीनशॉट त्याच रात्री काढा. धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिचीही पोच घ्या. ज्या मुलाने चित्रीकरण केलं त्याच्यावर मात्र काही करायला लावू नका. तो आपला विद्यार्थी आहे. माझ्या वर्गातला तो मुलगा दहावीला माझ्याच हाताखाली होता, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी, घरी जाण्याआधी, वर्गात नेमकं काय शिकवलं, मुलांनी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं ते आठवेल तसं लिहून काढा. तारीख घाला, सही करा. महिन्याभराने आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

पोलिसांत गुन्हा दाखल झाला तर घाबरून गाव सोडू नका. अशा तक्रारींत सहसा भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (धार्मिक भावना दुखावणं) किंवा १९६ (गटांत वैर वाढवणं) लावतात. दोन्हींत शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी आहे, त्यामुळे पोलीस साधारणपणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस आली की वकील घेऊन ठरल्या वेळी जा. टाळलीत तर अटकेचं कारण तुम्हीच दिलंत असं होतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

५. पालकांकडे तुम्हीच आधी जा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो.

माझ्या प्रकरणात मला वाचवलं ते वर्गातल्या चौदा पालकांच्या सहीच्या पत्राने. ते मिळवायला मी आणि एक सहकारी आठ दिवस शाळा सुटल्यावर घरोघर गेलो. कुणी कांद्याच्या चाळीवर भेटलं, कुणी सातपूरच्या कंपनीतून दुसऱ्या पाळीहून आल्यावर रात्री अकराला. आम्ही राजकारण बोललो नाही. मुलाची वही दाखवली, धडा दाखवला, "तुमच्या मुलाला मी वेडंवाकडं काही शिकवलं असं वाटतं का?" असं विचारलं. त्या चौदांतल्या काही घरांवर निवडणुकीत कुठल्या पक्षाचा झेंडा असतो हे मला माहीत आहे. तरी त्यांनी सही केली. एका आजींनी अंगठा दिला आणि म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी पाह्यलं होतं ते दार बंद. खोटं काय सांगितलं मास्तरांनी?"

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही. जिथे आहे तिथे ती कागदावर ठेवू नका. दर महिन्याची बैठक खरोखर घ्या, इतिवृत्त लिहा. बाहेरून कुणी कार्यक्रम लादायला आलं की मुख्याध्यापक एकट्याने नाही म्हणू शकत नाहीत, पण "समितीच्या बैठकीत ठेवतो," एवढं म्हणू शकतात.

परिसर भेट, मंदिर, मशीद, विहार, लेणी, कुठेही मुलांना न्यायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी. अपवाद नाही.

६. संघटना पक्षाची होऊ देऊ नका, पण मुकीही ठेवू नका

नवा कार्यकर्ता उत्साहाने पहिल्याच बैठकीत अमुक पक्षाच्या निषेधाचा ठराव मांडतो. तीस जणांतले बारा उठून जातात आणि परत येत नाहीत. मी हे दोनदा पाहिलं आहे. आपल्या सभासदांत उजव्या पक्षांना मतं देणारे आहेत, भरपूर आहेत. शिक्षकांच्या संघटनांमध्येही त्या विचारांच्या संघटना आहेत. हे मान्य करून कामाला लागायचं.

ठरावाची भाषा हक्काची ठेवा. 'पाठ्यपुस्तकातला मजकूर शिकवल्याबद्दल कोणत्याही शिक्षकावर कारवाई होऊ नये', 'तोंडी आदेशावर शाळेत कार्यक्रम घेतले जाऊ नयेत', 'चौकशीआधी बदली किंवा निलंबन नको'. याला नाही म्हणणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

आणि हे हक्क सगळ्यांसाठी मागा. आमच्या शाखेतले एक सर मनापासून उजव्या विचारांचे. संस्थेने त्यांची निवडश्रेणी (पगाराचा वरचा टप्पा) द्वेषाने अडवली तेव्हा आम्ही त्यांच्या बरोबर शिक्षणाधिकारी कार्यालयात चार फेऱ्या मारल्या. पुढे उर्दू शाळेतल्या एका सहकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार झाली, तेव्हा निवेदनावर पहिली सही त्याच सरांची होती. त्यांचे विचार बदलले नाहीत. पण ती सही पडली म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना ते प्रकरण एका समाजाचं म्हणून बाजूला सारता आलं नाही.

मालेगावच्या उर्दू शाळा, पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळा, शहरातल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळा, या तिघांचे शिक्षक आपल्या बैठकीला येतात का, ते मोजा. येत नसतील तर बैठक त्यांच्याकडे न्या. शिक्षकेतर कर्मचारी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, शिपाई यांना सभासद करता येत नसेल तर निमंत्रित करा. जुलै २०२५ पासून आदिवासी आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले होते. त्या वेळी किती शिक्षक संघटनांनी तिथे एक संध्याकाळ काढली? आम्ही उशिरा गेलो, याची मला आजही खंत आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला तेव्हा सगळ्या विचारांचे कर्मचारी एका रांगेत होते. ती ओळख संप संपल्यावर आपण वाढवली नाही, आणि ती चूक संघटनांची होती.

शाखेत पाच जणांचं एक तातडीचं पथक ठेवा. एक कागदपत्रं बघणारा, एक वकिलाशी बोलणारा, एक पालकांशी, एक पत्रकारांशी, आणि एक जण ज्याच्यावर तक्रार झाली त्याच्या घरी रोज जाणारा. हा पाचवा माणूस नक्की ठेवा. त्या दिवसांत माणूस जेवत नाही, झोपत नाही, घरचे घाबरलेले असतात.

७. धोरणावर बोलायच्या अधिकृत जागा वापरा

कुठलाही मसुदा आला की हरकतींसाठी मुदत असते. शाखेतल्या चाळीस जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या वर्गातलं उदाहरण देऊन हरकत पाठवावी. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला आला आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. पक्ष रस्त्यावर आले हे खरंच. पण त्याच वेळी पहिलीच्या मुलाला तीन भाषा झेपतात का, हे शिक्षकांनी आणि भाषेच्या अभ्यासकांनी नेमकं सांगितलं होतं.

तोंडी आदेश आला असेल तर माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. प्रत नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' हे लेखी येतं आणि तेच कामाला येतं.

माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची नोंदणी नमुना १९ वर करावी. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. नाशिक विभागात नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे पाच जिल्हे येतात. प्राथमिकच्या शिक्षकांना या मतदारसंघात मत नाही, त्यांनी रांगेत वेळ घालवू नये.

मोर्चा काढायचा तर पोलीस आयुक्तालयाची परवानगी आधी घ्या. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश वर्षातून बराच काळ लागू असतो. सरकारला एखादी संघटना बेकायदा जाहीर करू देणारं जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलं, तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त, हिशेब आणि पत्रकांची प्रत वेगळी जपून ठेवतो. तुम्हीही ठेवा.

८. नोटीस, चौकशी आणि आदेश

खासगी शाळेतल्यांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. त्याप्रमाणे आधी आरोपांचं विवरण लेखी मिळालं पाहिजे, आणि खुलाशाला सात दिवस असतात. सातव्या दिवसाची वाट पाहू नका. पाचव्या दिवशी द्या, पोच घ्या.

चौकशी समितीत तीन जण असतात: संस्थेचा एक, राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला एक, आणि तुम्ही नाव सुचवलेला एक. हे तिसरं नाव खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्याचं असावं लागतं. मुदतीत कळवलं नाही तर तुमच्या माणसाशिवायच समिती चालते. अनेकांचं प्रकरण इथेच हातातून जातं. म्हणून संघटनेने नियम वाचलेल्या, सही करताना न डगमगणाऱ्या चार-पाच सहकाऱ्यांची यादी आधीच तयार ठेवावी.

निलंबित केलं तर त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता आहे का, हे त्याच दिवशी लेखी विचारा. नसेल तर निर्वाह भत्ता (निलंबनाच्या काळात मिळणारी रक्कम) संस्थेला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो, आणि हे कळलं की बऱ्याच संस्थांचा सूर बदलतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची वाट वेगळी: आदेश मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा असेल तर अपील नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे.

खासगी शाळेतून बडतर्फ केलं, काढून टाकलं किंवा पदावनत केलं तर नाशिकच्या शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं. मुदत तीस दिवसांची, आदेश हातात पडला त्या तारखेपासून. शिक्षक साधारणपणे कामगार न्यायालयात दाद मागू शकत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज देऊन महिना घालवू नका. पोस्टाने आलेलं पाकीट फेकू नका, त्यावरचा टपाल शिक्का तारीख सिद्ध करतो. आणि आदेश घ्यायला नकारही देऊ नका. नकारलेलं पाकीटसुद्धा पोचलं असंच धरतात, तीस दिवस सुरू होतात आणि तुमच्या हातात मात्र कागद नसतो.